विरुद्ध बाजू: सुचिता मेतर

कारखान्यात गळती सोमवारी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी झाली. रोहिदास मेतरला ती पावणेअकराला कळली. तोपर्यंत त्याची बायको सुचिता जाऊन पंधरा-वीस मिनिटं झाली होती, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

तो तेव्हा 'रेडिओ दर्या'च्या खोलीत बसून दुपारच्या कार्यक्रमातले खोकले काढून टाकत होता. वारा दक्षिणेचा होता, म्हणून वास आला नाही. फोन मेव्हण्याचा आला, म्हादू सारंगचा.

"भावजी, दवाखान्यात येवा."

"काय झाला?"

"येवा तुमी आधी."

वायंगबंदरच्या आरोग्य केंद्राच्या अंगणात पांढरे गमबूट ओळीने ठेवले होते. कारखान्यात कोळंबी सोलणाऱ्या बायका घालतात ते. सात जोड होते आणि प्रत्येकावर काळ्या शाईने नंबर घातलेला होता. सुचिताचा नंबर एकतीस. कोणीतरी ते बूट नीट जुळवून, टाचा भिंतीला लावून ठेवले होते. आतून कोणी काही सांगायच्या आधी रोहिदासला कळलं.

कोळंबी गोठवायला अमोनिया लागतो. बंद नळांत तो दाबाखाली पाण्यासारखा फिरतो. बाहेर पडला की त्याचा वायू होतो आणि तो ओल शोधतो. माणसाच्या अंगातली ओल म्हणजे डोळे, घसा आणि फुप्फुसं. हवेत त्याचं प्रमाण थोडं वाढलं तरी भोंगा वाजायला हवा, आणि भोंगा वाजला की दोन मिनिटांत शेड रिकामी होते. त्या सोमवारी भोंगा वाजला नाही.

ही गोष्ट सगळ्यांच्या आधी रोहिदासला ठाऊक झाली. रेडिओच्या छपरावर एक माइक दिवसरात्र चालू असतो. खाडीच्या तोंडाशी लाट कशी फुटते त्या आवाजावरून यंत्र लाटेची उंची काढतं, आणि दर तासाला होड्यांना सांगितलं जातं, तोंडातून बाहेर पडा किंवा पडू नका. त्या माइकला कारखान्याचा भोंगाही ऐकू यायचा. दर सोमवारी सकाळी नऊला भोंग्याची चाचणी होई. रोहिदासने दिवस केल्यावर बसून जुनी मुद्रणं ऐकली. शेवटची चाचणी बारा ऑगस्टची होती. त्यानंतर अकरा सोमवार नऊ वाजता नुसती लाट होती. बाराव्या सोमवारी गळती झाली.

म्हणजे भोंगा त्या दिवशी अचानक बिघडला नव्हता, तो तीन महिने बंदच होता.

पोलीस, चौकशी, कोर्ट आपल्या चालीने चालणार हे त्याला माहीत होतं. त्याला एकच हवं होतं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत कारखाना पुन्हा सुरू करायचा ठराव येणार होता. त्याआधी चौदा वाड्यांना ही गोष्ट कळायला हवी होती. वायंगबंदरात वर्तमानपत्र कोणी वाचत नाही. रेडिओ मात्र घराघरात लागतो, कारण लाट त्यावर कळते.

"बोल तू," केळुसकर बाई म्हणाल्या. त्या केंद्राच्या प्रमुख. "पण समतोल लागेल. तुला मी नवीन सांगायला नको."

खरंच नको होतं. समतोल प्रसारण कायदा आला तेव्हा तालुक्याच्या सभेत उभं राहून त्याला पाठिंबा देणाऱ्यांत रोहिदास होता. त्या वेळी एकाच पुलाबद्दल एक वाहिनी तो पडला म्हणायची आणि दुसरी अजून उद्घाटनच दाखवायची. कायद्याने सांगितलं, सार्वजनिक प्रश्नावर एक मत ऐकवलंत तर लगेच विरुद्ध मत ऐकवा, तेवढाच वेळ. न ऐकवणाऱ्याचा परवाना जाईल. सगळ्यांना बरं वाटलं.

मग वाहिन्यांनी पळवाट काढली. रडणाऱ्या आईनंतर त्या एखाद्या तोतऱ्या कारकुनाला बसवू लागल्या. वेळ समान झाला, पण ऐकणाऱ्याच्या मनावर एकच बाजू राहिली. म्हणून तीन वर्षांपूर्वी दुरुस्ती झाली. नुसता वेळ नको, परिणामही समान हवा. आणि परिणाम मोजायला प्रत्येक केंद्रात तोलक बसला.

तोलक दोन कामं करतो. आधी तो बोलणाऱ्याचे मुद्दे काढतो. प्रत्येक मुद्द्याचं एक ठिकाण ठरवतो, जसं समुद्रातल्या होडीचं ठरवतात, आणि बरोबर त्याच्या समोरचं ठिकाण शोधतो. ते झालं विरुद्ध मत. मग तो आवाज तोलतो. कंप किती, श्वास कुठे अडला, दोन शब्दांत किती थांबला, बोलणाऱ्याचं त्या गोष्टीशी नातं काय. लाखो ऐकणाऱ्यांच्या नाडीवरून तो हे शिकला आहे. शेवटी शंभरपैकी आकडा देतो. हवामानाच्या बातमीला दोन पडतात. पालकमंत्र्यांना एकदा नऊ पडले होते. विरुद्ध बाजूचा आकडा पाचाच्या फरकात बसावा लागतो. तेवढ्या तोलाचा जिवंत माणूस मिळाला नाही तर तोलक जुन्या मुद्रणांत शोधतो. मुद्रण अपुरं पडलं तर उरलेलं त्याच आवाजात स्वतः तयार करतो, दप्तरी असलेल्या कागदांचा आधार घेऊन. रेडिओवर बोलणारा प्रत्येक जण आवाज पुढे हवा तसा वापरायची संमती आधीच लिहून देतो. ती कोणी वाचत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रोहिदास बोलला. अकरा मिनिटं. त्याने काही लिहून आणलं नव्हतं. बूट कसे ठेवले होते ते सांगितलं. नंबर सांगितला. अकरा सोमवारांचा नुसत्या लाटेचा आवाज ऐकवला. मध्ये तीनदा त्याला थांबावं लागलं. काचेपलीकडे केळुसकर बाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या.

तोलकाने ९१ दाखवले.

कारखान्याचे मॅनेजर देशमाने बाहेर फाइल घेऊन बसले होते. त्यांना तोलून बघितलं तर चौदा. त्यांनी स्वतःच्या आईची आठवण काढून बघितली, तर सतरा. मग तोलकाने संग्रह चाळला. त्याला चार सेकंद लागले. पडद्यावर अक्षरं आली: विरुद्ध बाजू: सुचिता मेतर. तोल ८९.

"बाई, ह्या थांबवा," रोहिदास म्हणाला.

"थांबवलं तर परवाना जातो," केळुसकर बाई म्हणाल्या. त्या पडद्याकडेच बघत होत्या. "तुझे अकरा गेले आहेत हवेत. हे अकरा जायलाच हवेत."

आधी एका पुरुषाच्या आवाजात भरभर सूचना झाली की पुढील आवाजाचा काही भाग यंत्राने जुळवलेला आहे. ती कोणाला कळण्यासारखी नव्हती. मग सुचिता बोलू लागली.

"माका काय वाटता सांगू? दर्याचा काय खरा नाय. आज मासळी मिळाली, उद्या नाय. कारखानो इलो तर बायकांच्या हाताक काम मिळात. आमका घोवाच्या तोंडाकडे बघूक लागूचा नाय."

हे तिचं स्वतःचं होतं. पाच वर्षांपूर्वीचं, चार मिनिटांचं. रोहिदासनेच घेतलेलं.

तेव्हा कारखाना यायचा होता आणि सगळा गाव विरुद्ध होता. बोलायला येईल तो शिव्याच घाली. कायद्यासाठी बाजूने बोलणारा कोणी हवा, आणि कोणी मिळेना. अशा वेळी केंद्रात एक रीत होती, तिला सगळे उलटी पाळी म्हणत. विरुद्ध मत मिळालं नाही की केंद्रातल्या माणसांनी आळीपाळीने घरचं माणूस आणून बसवायचं. दारूबंदीच्या वेळी शिपायाच्या काकाने दारूच्या बाजूने बोलून धमाल उडवली होती. मच्छी मार्केट हलवायच्या वेळी केळुसकर बाईंच्या सासूबाई ते हलवायच्या बाजूने बोलल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना कोणी मासळी देईना. कारखान्याच्या वेळी पाळी रोहिदासची आली. त्याने सुचिताला आणलं.

"काय बोलू?" तिने विचारलं होतं.

"काय पण बोल. बाजूने बोल म्हणजे झाला. चार मिनिटां."

"आणि कोणी मारूक इलो तर?"

"मी आसंय ना."

ती हसली आणि बोलली. कागदावर छापलेलं होतं, 'हे मत वक्त्याचे स्वतःचे आहे.' त्याखाली सुचिताने सही केली आणि साक्षीदार म्हणून रोहिदासने. ती इतकं चांगलं बोलली की कारखाना सुरू झाल्यावर देशमाने स्वतः घरी आले. म्हणाले, तुमच्यासारखी समजूतदार बाई शेडमध्ये हवी. सुचिता पहिल्या तुकडीत लागली. नंबर एकतीस.

चार मिनिटं संपली. पुढची सात तोलकाची होती. आवाज तोच. 'मगे' म्हणायची लकब तीच. वाक्य संपताना श्वास सोडायची सवयसुद्धा.

"माझो घो सांगता, भोंगो वाजलो नाय. कसो वाजतलो? तेचो आवाज कानात बसता, सोलताना सुरी हातार लागता. भोंगो बंद करा ही तक्रार आमचीच होती. मगे आता दोष कोणाक देतास?"

रोहिदासने कानावरचा हेडफोन काढला. मग परत लावला.

ही ओळ कंपनीच्या खुलाशातून आली होती. खुलाशात लिहिलं होतं की कामगारांच्या तोंडी तक्रारींमुळे भोंगा तात्पुरता बंद ठेवण्यात आला. तक्रार कोणाची, कधी, काही नव्हतं. पण तो दप्तरी असलेला कागद होता. तोलकाने तो घेतला आणि मेलेल्या बाईच्या तोंडी घातला. तोलक आला तेव्हा त्याने जुना संग्रह तोलला होता, त्यात सुचिताच्या आवाजाला चोवीस पडले होते. आता ती मेली होती आणि नवऱ्याविरुद्ध बोलत होती, म्हणून एकोणनव्वद. यंत्राने तिचं मरणही वजनात धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिठ्यावर एक म्हातारा म्हणाला, "सुचितान सांगल्यान ना. बायकांनीच बंद करूक लावलो तो." त्याला सांगितलं की ते यंत्र बोललं. तो म्हणाला, "आवाज तर तिचोच होतो."

केळुसकर बाईंनी रोहिदासला चहा दिला आणि दार लावून घेतलं.

"तू लिहून दे की ती पाळी होती. तिचं मत नव्हतं. मग ते मुद्रण रद्द होईल."

"देतंय."

"ऐकून घे आधी. मग खोटं विरुद्ध मत दाखवल्याबद्दल केंद्राची तपासणी होईल. सगळ्या उलट्या पाळ्या बाहेर येतील. माझ्या सासूबाईंसकट. परवाना जाईल." त्यांनी खिडकीतून खाडीकडे बघितलं. "लाट कोण सांगणार मग? तीनशे होड्या आहेत."

रोहिदास चहा प्यायला. त्याचे दोन चुलतभाऊ त्या होड्यांत होते, म्हादूही होता.

"दुसरी वाट सांगू?" बाई म्हणाल्या. "पुन्हा बोल. पण तुझा तोल खाली आण. वीसच्या खाली बोललास तर समोर देशमान्यांना बसवता येईल. मग सुचिताला कोणी हात लावणार नाही."

"म्हणजे कसा बोलू?"

"हवामानासारखं."

दुपारी दोन ते चार प्रसारण नसतं. तोलकाला सरावाची सोय आहे. माणूस बोलतो, तो तोल दाखवतो आणि विरुद्ध मताचा नमुना ऐकवतो. हवेत काही जात नाही. दुसऱ्या दिवशी दोन वाजता रोहिदास त्याच्यासमोर बसला.

तो म्हणाला, "कारखान्यात सात बायका मेल्या." पडद्यावर ८३. आणि सुचिता उत्तर देऊ लागली. त्याने ते पूर्ण ऐकलं. पुन्हा तेच वाक्य म्हटलं. पुन्हा ऐकलं. तासभर त्याने सराव केलाच नाही. नुसतं बोलत राहिला आणि तिला ऐकत राहिला.

मग तो म्हणाला, "माझी चूक झाली. मी तुका बोलूक लावूक नको होता."

तोलकाला हे कारखान्याबद्दल आहे की नाही याच्याशी काही देणं नव्हतं. तो फक्त समोरचं ठिकाण शोधतो. सुचिता म्हणाली, "तुझी काय चूक नाय."

रोहिदासने टेबलावर डोकं टेकलं. महिनाभरात त्याला असं कोणी म्हटलं नव्हतं. त्याने तिथेच थांबायला हवं होतं. यंत्र कसं चालतं ते त्याच्याइतकं त्या गावात कोणाला ठाऊक नव्हतं.

"आमचा बरा चलला होता," तो म्हणाला.

"नाय," सुचिता म्हणाली. "बरा कधी चलला? तू म्हणायचंस बरा चलला आसा. मी ऐकायचंय."

"मी तुका सुखात ठेवलंय."

"मी कधी म्हटलंय सुखात आसंय?"

"सुचिता, माझो जीव होतो तुझ्यार."

चार सेकंद गेले. मग त्याच आवाजात, शेवटी श्वास सोडून, तिने उत्तर दिलं. रोहिदासने ते ऐकलं आणि यंत्र बंद केलं. ते उत्तर त्याने नंतर कोणाला सांगितलं नाही. त्याला ठाऊक होतं की तो उलट बोलला असता तर यंत्राने गोड उत्तर दिलं असतं. ठाऊक असून काही फरक पडला नाही. घरी जेवताना, आंघोळ करताना, ते वाक्य तिच्या आवाजात येत राहिलं. तिची खरी वाक्यं आठवायला गेलं की आधी तेच येई.

त्यानंतर त्याने खरा सराव सुरू केला.

"सुचिता मेली." ८८. "सुचिता मेली." ८६. मासळीचा भाव सांगतात तसं म्हणून बघितलं. ६४. बूट डोळ्यांसमोर आले की आकडा चढायचा. म्हणून तो बूट येऊ न देण्याचा प्रयत्न करू लागला. मग लक्षात आलं की ते उलटं होतं, बूट अडवताना श्वास अडतो आणि यंत्राला तो कळतो. त्यापेक्षा बूट इतक्या वेळा बघावेत की ते नुसते बूट होतील. तो कारखान्याच्या गेटवर जाऊन नव्या बुटांचे खोके मोजून आला. एकतीस नंबरचा नवा जोड त्याने हातात धरून बघितला. रोज दोन तास, चार आठवडे. "सुचिता मेली, नंबर एकतीस, भोंगा वाजला नाही." एकेचाळीस. तेहतीस. अठ्ठावीस.

जानेवारीच्या आठ तारखेला त्याला एकोणीस पडले. तेव्हा पहिल्यांदा उत्तराला देशमान्यांचा आवाज आला. "सुरक्षेच्या सर्व निकषांचे पालन करण्यात आले होते," देशमाने म्हणाले. रोहिदासने ते पूर्ण ऐकलं. त्या दिवसानंतर सुचिता बोलली नाही.

एकोणीस जानेवारीला तो पुन्हा हवेत गेला. सगळं सांगितलं. तारखा, अकरा सोमवार, लाटेचा आवाज, खुलाशातल्या तक्रारीला नाव नाही, तारीख नाही, सही नाही. कुठे अडखळला नाही. तोल ११. समोर देशमाने बसले, अकरा मिनिटं, तोल १२. कायद्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. केळुसकर बाई म्हणाल्या, "एकदम व्यवस्थित." आणि लगेच खाली बघितलं.

संध्याकाळी म्हादू घरी आला. चपला न काढता ओटीवर उभा राहिला.

"भावजी, तुमी पंचांग वाचल्यासारखा वाचलास."

"तसाच वाचूचा होता, म्हादू. नायतर परत तिचो आवाज लावतत. बाई सांगतीत तुका."

"माका यंत्राचा सांगू नको." तो पहिल्यांदाच त्याला एकेरी बोलत होता. "माझी भयण जावन तीन म्हयने झाले नाय. आय माझी रेडिओ लावन बसली होती. माका विचारूक लागली, ह्यो कोणाच्या बायलेची बातमी देता?"

"म्हादू, अकरा सोमवार. ता तू ऐकलंस मा?"

"ऐकलंय. त्या दिवशी तुझो आवाज थरथरत होतो तेव्हा सगळो गाव रडलो. आज मी तुझ्या दारात उभो रवान सांगतंय, तू सांगतंस ता खरा आसा तर तुका रडूक कसा येणा नाय?"

 रोहिदासला खरंच रडू येत नव्हतं. म्हादू गेल्यावर त्याने आत जाऊन दार लावलं आणि तिचं नाव मोठ्याने घेऊन बघितलं. मासळीच्या भावासारखंच निघालं. पाच-सात वेळा प्रयत्न केला. यंत्र समोर नव्हतं, तरी त्याला आकडा कळत होता.

सव्वीस तारखेला ग्रामसभा झाली. भोंग्याचा विषय निघाला तेव्हा एक बाई उठली. "दोन्ही बाजू रेडिओवर ऐकल्या," ती म्हणाली. "दोघांनी सारखाच सांगितल्यानी. आमी कोणाचा खरा धरूचा?" कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांना तसंच वाटत होतं. कुणीतरी मागून म्हणालं, "सुचितान स्वतः सांगल्यान, भोंगो बायकांनीच बंद करूक लावलो." ठराव झाला. दोनशे बारा हात वर, एकशे नव्वद खाली. म्हादूने हात कुठेच वर केला नाही, तो मध्येच उठून गेला.

कारखाना फेब्रुवारीच्या दहाला सुरू झाला. आता सोमवारी नऊला भोंगा वाजतो. छपरावरच्या माइकला तो स्पष्ट ऐकू येतो.

केळुसकर बाईंनी एक अर्ज मागवून ठेवला आहे. मृत्यूनंतर सहा महिन्यांच्या आत वारसाला आवाज संग्रहातून काढता येतो. मग ते मुद्रण जातं आणि तोलकाने त्यावरून बनवलेलं सगळंही जातं. पुढे कारखान्याबद्दल कोणीही काही बोललं तरी सुचिता उत्तराला येणार नाही. अर्ज एका पानाचा आहे. त्यात सातवा प्रश्न असा आहे: ध्वनिमुद्रणातील मत हे वक्त्याचे खरे मत होते काय? होय किंवा नाही. 'होय' लिहिलं तर आवाज संग्रहात राहतो. 'नाही' लिहिलं तर तो काढतात आणि केंद्राची तपासणी लागते.

पण रोहिदासची अडचण परवान्याची नाही. होड्यांचं काय करायचं ते बाईंनी ठरवावं, असं तो त्यांना सांगून आला आहे. त्याला उत्तरच ठाऊक नाही. ती बाजूने बोलली ते त्याने सांगितलं म्हणून. पण नंतर चार वर्षं ती रोज सकाळी सातला हसत कामाला जायची, आणि पहिल्या पगारातून तिने स्वतःसाठी सायकल घेतली होती. घोवाच्या तोंडाकडे बघूक लागूचा नाय, हे शब्द त्याने तिला दिलेले नव्हते. तिला काय वाटतं ते त्याने त्या दिवशी विचारलं नाही, आणि त्यानंतरही नाही.

अर्जाची मुदत चार मेपर्यंत आहे. आज एकवीस एप्रिल. नाव, पत्ता, नातं आणि मृत्यूच्या दाखल्याचा क्रमांक लिहून झाला आहे. सातवा प्रश्न भरायचा राहिला आहे.